मांडीवरची मनी

रिजवानभाई,

अरे, आज मनी अब्बांच्या मांडीवरून उठली! मांजर उठली यात कसली बातमी, म्हणशील. पण तू भांडून पुण्याला गेलास तेव्हापासून अब्बांनी तानपुऱ्याला हात लावला नव्हता. वाद्यांच्या दुकानात नुसते बसायचे, आणि मनी त्यांच्या मांडीवर. अम्मीला वाटलं, हिला थंडी वाजते. तिनं जुनी गोधडी अंथरून दिली, पण मनीनं तिकडं ढुंकूनही बघितलं नाही!

आज सकाळी अब्बांनी अचानक कानस मागितली. तार मोकळी गुंजावी म्हणून तारांखालची घोडी घासून जवारी काढायला बसले. तार छेडली, परत घासलं, आणि असा भरदार सूर घुमला की मी ओरडलेच! मनीनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं, आळस दिला आणि सरळ जाऊन तानपुऱ्यासाठी कापून ठेवलेल्या भोपळ्यात झोपली. अब्बा हसले, "जा बाई, सुटलीस एकदाची!"

भाई, मला काय आनंद झालाय म्हणून सांगू! तू नसलास तरी आमचं मजेत चाललंय, एवढंच कळवायला लिहायला बसले.

पण आता मनी भोपळ्यातून उठून माझ्या मांडीवर येऊन बसलीय. हलवलं तरी हलेना. 'मजेत चाललंय' लिहिलेलं हे पत्र पेटीत कोणत्या तोंडानं टाकू?

तुझी,
अर्शिया