रेनकोट, रबर आणि मागची काच

३ ऑगस्ट, शनिवार
आज गाडीत रेनकोट घालून बसले. गाडी चालवत. बंगळुरात, येलहंका ते जयनगर — बाहेर पाऊस, आत पाऊस, बाहेरचा जरा कमीच. सिग्नलला शेजारच्या रिक्षातली मुलगी बघून हसली. मीही हसले, करणार काय!
काचांभोवतीचं रबर वाळून कडबोळ्यासारखं झालंय. गाडी माझ्या नवऱ्याची, अरविंदची, सत्त्याण्णव सालची. तो जाऊन नऊ वर्षं झाली. देवश्रीला फोन केला तर म्हणाली, आई, भंगारात दे ती. फोन ठेवला आणि डिकीतलं पाणी तांब्याने उपसलं.

४ ऑगस्ट, रविवार
खालच्या मजल्यावरचे महांतेशराव मला उपसताना बघून आले. बेळगावचे. कारखान्यातून रिटायर झालेत, एकटेच राहतात. लग्न ‘राहून गेलं’ म्हणे — छत्री राहून जावी तसं. त्यांनी रबर बोटाने दाबलं तर वीतभर तुकडा हातातच आला. तो त्यांनी खिशात घातला, डॉक्टर नमुना नेतात तसा.
‘नवीन बसवूया की बाई. चार दारं, एक मागची काच. स्वल्प काम.’

७ ऑगस्ट, बुधवार
जे. सी. रोडला जाऊन रबर आणलं. महांतेशराव दुकानदाराशी तासभर कानडीत भांडले. शेवटी दुकानदार माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला आणि हे कानापर्यंत लाल झाले. काय म्हणाला विचारलं, तर म्हणे रबर चांगलं आहे म्हणतो. तीस वर्षांत माझं कानडी भाजीपुरतंच, पण ‘मिसेस’ कळतं मला.

१० ऑगस्ट, शनिवार
चारही दारांना रबर बसलं. आता दारं लागत नाहीत! नवीन रबर जाड. मग मी आत बसून ओढलं, त्यांनी बाहेरून पाठ लावून ढकललं. लागलं. मग उघडेना. वीस मिनिटं आत होते. ते बाहेरून खुणेने धीर देत होते. खिडकीतून बाहेर पडायचं म्हटलं तर वय एकोणसाठ आणि अंगावर साडी. शेवटी दोघांनी मोजून एक-दोन-तीन केलं आणि मी दारासकट त्यांच्या अंगावर. लागलं का, असं दोघांनीही एकदमच विचारलं.

११ ऑगस्ट, रविवार
मागची काच. रबराच्या खाचेत सुतळी घालायची, आतून एकाने सुतळी ओढत जायची, बाहेरून दुसऱ्याने काच दाबत यायचं. रबर सरकावं म्हणून साबणाचं पाणी. साबण सापडला नाही म्हणून माझा शांपू ओतला. अख्खी बाटली. मी आत गुडघ्यांवर, सुतळी दातात. तीनदा काच निसटली. चौथ्यांदा बसली — काय सुरेख बसली! चहा केला, त्यांनी साखर दोनदा घातली. मी तो तसाच प्यायले.

१३ ऑगस्ट, मंगळवार
हेब्बाळच्या सिग्नलला, भर पावसात, गाडीला फेस आला. मागचे लोक उतरून बघायला आले. घरी येऊन सांगितलं तर महांतेशराव हसता हसता जिन्यावर बसले. त्यांना इतकं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

१४ ऑगस्ट, बुधवार
परीक्षा. मी आत, काचा बंद, ते पाइप घेऊन बाहेर. एक थेंब आला नाही! आवाजही नाही. ते पाणी मारता मारता थांबले, काचेजवळ येऊन काहीतरी म्हणाले. कोरडं आहे ना, असंच विचारत असणार. मी जोरजोरात मान हलवली, दोन्ही अंगठे दाखवले. त्यांच्या हातातून पाइप सुटला. मग तडक घरात निघून गेले. नळ मीच बंद केला.

१५ ऑगस्ट, गुरुवार
खाली कुलूप.

१७ ऑगस्ट, शनिवार
अजून कुलूप. माझं काय चुकलं? गाडी कोरडी ठणठणीत आहे आणि सांगायला कुणी नाही.

१८ ऑगस्ट, रविवार
सकाळी दारात एक बाई. हातात कुंद्याचा डबा, साडी, डोळ्यांत पाणी. महांतेशरावांची थोरली बहीण, शिवलीलाक्का. ते तिला आणायला बेळगावला गेले होते. आत आल्या आल्या माझे दोन्ही हात धरले.
‘बासष्ट वर्षांत पहिल्यांदा कुणाला विचारलं बघा त्यानं. आणि तुम्ही लगेच हो म्हणालात.’
कधी, असं मी विचारलं.
‘बुधवारी की. गाडीत बसून.’
आधी हसू फुटायला आलं, मग घाम. ऐकू आलं नव्हतं हे सांगायला तोंड उघडलं आणि त्यात अक्काने कुंदा घातला. मग सांगितलंच नाही. का नाही सांगितलं? दुपारभर अरविंदच्या फोटोसमोर बसून तेच विचारत होते. संध्याकाळी लक्षात आलं, डबा अर्धा संपलाय आणि मला गुणगुणायला होतंय.

१९ ऑगस्ट, सोमवार
महांतेशरावांना गाडीपाशी बोलावलं. मी आत बसले, काच पूर्ण खाली केली. म्हटलं, बुधवारी मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. त्यांचा चेहरा पांढराफटक. म्हटलं, आता येतंय. परत विचारा.
विचारलं. या वेळी मान हलवली नाही. तोंडाने हो म्हटलं.