माझ्या खोलीतलं डबडं

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज घरात तीन डबडी आली. पांढरी, गुळगुळीत, साबणाच्या वड्यांसारखी. सूनबाईने परस्पर मागवली. मला विचारलं नाही. घर माझ्या नावावर आहे, पण विचारतंय कोण!

‘आई, याला मेश म्हणतात. वायफाय एकच, पण तीन ठिकाणांहून पसरतं. एक डबी दुसरीला देते, दुसरी तिसरीला.’ असं हळूहळू, हात नाचवत समजावलं. तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते मी. साडेतीनशे मुलींना धाकात ठेवलं. ही मला बोट धरून चालवणार.

म्हटलं, ‘मला फोन आला की तो उचलता येतो. तेवढं पुरे आहे.’

बाळ शेजारी उभा राहून पुठ्ठे गोळा करत होता. कॉलर मळलेली. त्याला आधी शर्ट बदलायला पाठवलं. बेचाळीस वर्षांचा घोडा झाला तरी सांगावं लागतं. ‘बरं आई’ म्हणाला आणि गेला. त्याच्या बायकोने तोंड फिरवलं. फिरवू दे.

५ फेब्रुवारी, बुधवार

डबड्यांचं कारण आज कळलं. जेवताना, सहज सांगितल्यासारखं.

सूनबाईच्या कंपनीने फर्मान काढलंय. घरून काम करायचं असेल तर फेब्रुवारीभर लाइन नीट चालवून दाखवा. त्यांच्याकडे सगळं दिसतं म्हणे, कोणाची लाइन कधी तुटली ते. दोन-तीनदा खपवून घेतील. त्यापुढे नाही. मग मार्चपासून दुसऱ्या शहरातल्या मोठ्या ऑफिसात हजर व्हायचं. म्हणजे बिऱ्हाड उचलायचं. बाळ, ती आणि माझी टिल्ली.

टिल्ली नऊ वर्षांची आहे. रोज दुपारी मी तिला शाळेतून आणते. तिची वेणी मी घालते. तिला न्यायचं म्हणतात!

बाळला विचारलं, ‘आणि तुझ्या नोकरीचं काय?’ तर म्हणतो, ‘बदली मागितली तर मिळेल.’ विचार करायलासुद्धा थांबला नाही. म्हणजे बाईसाहेबांनी आधीच पढवून ठेवलंय. त्याच्या डोक्यातून असं काही निघत नाही.

‘मला काय हौस आहे का सगळं गुंडाळून जायची?’ ती म्हणाली. हौस आहेच. लग्न झाल्यापासून आहे. आता कंपनीचं निमित्त सापडलंय एवढंच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सूनबाईने स्वतःच डबडी लावली. एक खाली पुढच्या खोलीत, जिथे बाहेरून लाइन येते. एक त्यांच्या झोपायच्या खोलीत. आणि एक थेट वर मागच्या खोलीत, जिथे ती काम करते. तिथे रेंजचा पत्ता नाही म्हणून तिथेच नेऊन ठेवलं.

लाल दिवा. दिवसभर लाल.

तिचा साहेब पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजला होता म्हणे. टिल्लीने नक्कल करून दाखवली. मी हसले. खूप हसले. मग लक्षात आलं की हे असंच चाललं तर तिचं आयतंच फावतंय. हसू बंद केलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

इंटरनेटवाल्या बाई आल्या होत्या. धिप्पाड, घाईतल्या. सगळ्या घरातून फोन धरून फिरल्या. सूनबाईला म्हणाल्या, ‘मॅडम, सगळे हीच चूक करतात. जिथे रेंज नाही तिथे डबी ठेवतात. तिलाच काही मिळत नाही, तर ती तुम्हाला काय देणार? मधली डबी अर्ध्या वाटेवर ठेवायची. जिथे रेंज अजून चांगली आहे तिथे.’

सूनबाईचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मी तो पाहिला.

मग बाई फिरत फिरत माझ्या खोलीच्या दारात थांबल्या. जिन्याच्या पायथ्याशी, पुढच्याला आणि वरच्याला सारखीच जवळ. ‘इथे. या कोपऱ्यात.’

‘ती माझी खोली आहे,’ मी म्हटलं.

‘हो, पण रेंजला इथूनच जावं लागणार.’

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून भांडण. पॅसेजमध्ये प्लग नाही. जिन्यात प्लग नाही. स्वयंपाकघरात लावून पाहिलं तर मधे फ्रिज येतो. नव्याने वायरिंग करायचं तर भिंत फोडावी लागेल, आणि ती भिंत ह्यांनी स्वतः उभी राहून बांधून घेतलेली. ती मी फोडू देणार नाही.

सूनबाई म्हणाली, ‘तुमच्या खोलीत एक डबी ठेवली तर काय आभाळ कोसळणार आहे?’

मी म्हटलं, ‘विचारण्याची एक पद्धत असते.’

‘विचारतेच आहे.’

‘ओरडते आहेस.’

बाळ पेपर वाचत बसला होता. पान उलटत नव्हता. ‘तू काहीतरी बोल ना,’ असं तिने त्याला म्हटलं, तर मीच म्हटलं, ‘तो काय बोलणार? त्याला यातलं कळतं का काही?’ त्याने पान उलटलं.

संध्याकाळी मी हो म्हटलं. अटी घातल्या. दिव्यावर कापड घालीन. माझ्या खोलीत दार वाजवल्याशिवाय यायचं नाही. सूनबाई ‘बरं’ म्हणाली, पण कपाळावर आठी. तिला वाटलं मी उपकार करतेय. वाटू दे. टिल्ली घरात राहावी म्हणून मी कोपराच काय, पलंगही दिला असता. पण हे तिला कशाला सांगू!

१० फेब्रुवारी, सोमवार

चाललं! डबड्यावर पांढरा दिवा, वरच्या डबड्यावरही पांढरा. सूनबाई वरून दिवसभर बोलत होती, एकदाही अडखळली नाही. संध्याकाळी खाली आली, पाणी प्यायली, ‘छान चाललंय’ असं ग्लासाला सांगितलं आणि गेली. माझ्याकडे पाहून सांगितलं असतं तर जीभ झडली नसती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अजून पांढराच. सकाळ-संध्याकाळ कापड उचलून बघते. कोणाला सांगत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी लाइन तुटली.

टिल्लीला घेऊन शाळेतून आले तर सूनबाई जिन्यात उभी, तोंड लाल. ‘ऐन मीटिंगमध्ये गेली. सगळ्यांसमोर.’ माझ्या खोलीत गेले तर दिवाच नाही. लाल नाही, पांढरा नाही, काहीच नाही. भिंतीवरचं बटण वर होतं. म्हणजे बंद. मी चालू केलं, दोन मिनिटांत सगळं परत आलं.

‘तुमचा हात लागला असेल,’ ती म्हणाली.

माझा हात लागला! मी पाऊण तास घराबाहेर होते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा. पुन्हा दुपारीच, मी शाळेवर गेलेली असताना. पुन्हा बटण बंद.

आता मला सगळं स्वच्छ दिसायला लागलंय. मी घरात नसताना घरात कोण असतं? सूनबाई वर. बाळ जेवायला येतो, त्याचं ऑफिस चौकापलीकडेच आहे, ताट स्वतः वाढून घेतो आणि परत जातो. त्याचा काय संबंध? राहिली कोण? जिला जायचंय ती. स्वतःच खाली यायचं, बटण दाबायचं, वर जाऊन ‘अरे देवा, लाइन गेली’ म्हणायचं. कंपनीपुढे बिचारी, नवऱ्यापुढे बिचारी आणि सासू खाष्ट.

वसतिगृहात अशा पुष्कळ पाहिल्या. सगळ्यात आधी तक्रार घेऊन येते तीच चोर असते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

इंटरनेटवाल्या बाईंना परत बोलावलं. त्यांनी डबडं उलटंपालटं केलं, फोनवर काहीतरी पाहिलं. ‘यंत्राला काही झालेलं नाही. कोणीतरी बटण बंद करतंय.’ मग आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि चहाही न घेता निघून गेल्या.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे झालं ते लिहून ठेवते.

रात्रीच्या जेवणाला सूनबाईने ताट बाजूला सारलं. ‘आई, सरळ विचारते. तुम्हीच बंद करता ना?’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ‘मी? मी कशाला करीन?’

‘मला नोकरी करू द्यायची नाही म्हणून. पहिल्या दिवसापासून तुम्हाला ते डोळ्यांत खुपतंय.’

‘आणि तू कशाला खाली येतेस दुपारी, ते सांग. मी नसताना माझ्या खोलीत कशाला जातेस?’

‘मी जात नाही.’

‘खोटं.’

‘तुम्ही आयुष्यभर मुलींच्या खोल्या तपासल्यात, म्हणून तुम्हाला सगळे चोरच दिसतात.’

हे मला! टिल्लीसमोर! मी म्हटलं, ‘जायचंच असेल तर तोंड वर करून जा. चोरून कशाला?’ ती रडायला लागली. तिचं रडणंही खरं वाटत नाही मला. टिल्लीही रडायला लागली. ते मात्र खरं होतं.

बाळ एवढंच म्हणाला, ‘जाऊ दे ना.’ कोणाला म्हणाला ते कळलं नाही. त्याने आपलं ताट उचललं, माझंही उचललं, धुऊन ठेवली. माझं पोर आहे म्हणून बरं आहे. या बाईच्या हाती तो दोन दिवस टिकायचा नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी बाळ माझ्या खोलीत आला. पलंगाच्या कडेला बसला. लहानपणी बसायचा तसाच, हात मांड्यांखाली घालून.

‘आई, मला जरा बोलायचंय.’

केस कानांवर आलेले. म्हटलं, ‘आधी केस कापून ये, मग बोल. आणि येताना गोळ्या आण माझ्या.’

‘आई, मी...’

‘मला माहीत आहे तू काय बोलणार. बायकोची वकिली करायला आलास. तुला तिने पाठवलंय. तिला सांग, तिची थेरं मला कळतात. तू मधे पडू नकोस, तुला झेपणार नाही.’

मांड्यांखालून हात काढले. मग केस कापायला गेला. गोळ्या आणल्या. बोलायचं राहिलं ते राहिलंच. काही फार महत्त्वाचं नसणार.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

तिसऱ्यांदा गेली. सूनबाईला कंपनीतून फोन आला. आता एक जरी चूक झाली तरी संपलं. शुक्रवारी दुपारी शेवटची मोठी मीटिंग. ती निभावली तर घरून काम कायम.

टिल्लीने विचारलं, ‘आजी, तिकडे गेल्यावर मला शाळेतून कोण आणेल?’

न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. ह्यांच्यानंतर असं रडले नव्हते. त्या बाईचं वाटोळं होवो असं मनात आलं. आलं ते लिहिलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ठरवलं. उद्या सापळा लावायचा.

शाळेवर शेजारची जाणार आहे, तिला सांगून ठेवलंय. उद्या सकाळी चहाला सगळ्यांसमोर म्हणायचं की गुडघा फार दुखतोय, रात्रभर डोळा लागला नाही, दुपारी झोपेची गोळी घेऊन पडणार आहे. खोलीत जायचं, दार नुसतं लोटायचं, पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं. कपाटाच्या आरशात बटण नीट दिसतं, आज पडून बघितलं. म्हातारी मेल्यासारखी झोपलीय म्हटल्यावर ती येणारच. शेवटची संधी आहे तिची.

हात बटणावर असतानाच मनगट धरीन. बाळला हाक मारीन. बघ म्हणावं, तुझी बायको. मग तिला जायचं तर एकटीने जाऊ दे. बाळ आणि टिल्ली इथेच राहतील. तो मला सोडून कुठे जाणार आहे!

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी दार हळूच उघडलं. पाऊल ऐकूनच कळलं. त्या पावलांना मी चालायला शिकवलंय.

आरशात बाळ दिसला. थोडा वेळ माझ्याकडे बघत उभा होता. मग वाकला, बटण बंद केलं. माझं पांघरूण पायावरून सरकलं होतं, ते नीट केलं. दार ओढून गेला.

मी उठून बसले. वर सूनबाई म्हणत होती, ‘हॅलो? हॅलो? ऐकू येतेय का मी?’

बटण हाताशी होतं. मी चालू केलं नाही.