वाघोलीचा अ‍ॅम्बुश

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
प्रोजेक्ट डिसेंबरात बंद. मॅनेजर नम्रताने कॉलवर सांगितलं. निम्मे लोक नव्या प्रोजेक्टवर, उरलेले बेंचवर, म्हणजे बिनकामाचे. बेंचवरून माणूस कुठे जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. घरी. ऐकून काही वाटलं नाही. कॅमेरा बंद होता, केळं खाल्लं.
निवड अजून व्हायची आहे. मला धोका नाही. अनुभव हल्ली मिळतो कुठे?

५ नोव्हेंबर, बुधवार
शनिवारी पंधरा तारखेला टीम आउटिंग. वाघोलीच्या पुढे. पेंटबॉल! रंगाच्या गोळ्यांची लढाई.
देव आहे. २०१० साली कंपनीच्या पेंटबॉल स्पर्धेत मी कॅप्टन होतो. मैदानावर जो पुढे तोच कामात पुढे, हे नम्रताला दिसेलच. जागा पक्की समजायची. ग्रुपवर लिहिलं, स्ट्रॅटेजी मी बघतो. दोन अंगठे आले. एक माझाच होता.
संकल्प: रोज पहाटे तळजाई टेकडी.

६ नोव्हेंबर
टेकडी रद्द. गुडघे मॅचसाठी राखून ठेवलेले बरे.
माळ्यावरून माझा मार्कर काढला. गन म्हणायचं नसतं, ते नवशिके म्हणतात. दर गोळीला पंप ओढायचा. वर गोळ्यांचा डबा, तो अधूनमधून हलवायचा, नाहीतर गोळ्या अडकतात. मागे सीओटू गॅसचं नळकांडं. वजन असं की दंड भरून येतात. बायकोने, पूर्णिमाने विचारलं, सोसायटीतून हे नेणार कशात. पिशवीत, म्हटलं. म्हणाली, माझ्या भाजीच्या पिशवीत नको.

८ नोव्हेंबर, शनिवार
नळकांडं भरायला बुधवार पेठेत. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी ड्रोन दाखवले, नळकांडं कुणी ओळखलं नाही. शेवटी आग विझवायची नळकांडी भरणारे दादामियाँ सापडले. त्यांनी पेपर वाचता वाचता विचारलं, आग कुठे लागलीये. म्हटलं, लागली नाही. म्हणाले, मग लागल्यावर या.
राग आला नाही. हल्ली येत नाही.
तसाच नेईन. बघूनच शत्रू गार होईल.

११ नोव्हेंबर, मंगळवार
डबा खाताना अभिनवला जुने दिवस सांगितले. हा आमच्या टीममधला सगळ्यात धाकटा, दर महिन्याला पेंटबॉल खेळतो. सांगितलं, आम्ही मिलिटरी छापाचे कपडे घालून झुडपात तास तास पडून असायचो. मास्कवर वाफ धरू नये म्हणून आतून साबण चोळायचा. गोळी फुटली की हात वर करून आपणहून बाहेर, मॅच संपेपर्यंत बाहेरच. सोमवारी ऑफिसात शर्ट वर करून वळ दाखवायचे. मुलीसुद्धा बघायच्या. एकीने एचआरला कळवलं होतं, म्हणजे बघितलंच.
तो म्हणाला, सर, आता हवेवर चालतं. गोळ्या बारीक, फारसं लागत नाही. गोळ्यांचा डबा बॅटरीवर आपला आपण फिरतो. मास्कला दुहेरी काच. लोक पोरांचे वाढदिवस करतात तिथे, रील काढतात. मग नवे नियम सांगायला लागला. म्हटलं, बाळा, आम्ही खेळायचो तेव्हा तू दुसरीत होतास. जेवणाचा डबा आवरून उठला. आदर आहे.

१३ नोव्हेंबर
प्लॅन ठरला: दबा धरून बसायचं, शत्रू जवळ आला की उडवायचा. अ‍ॅम्बुश.
टेकडी: आता जाऊन उपयोग नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ
झुडपं गेली. त्यांच्या जागी हवा भरलेले रंगीत फुगे, जत्रेतल्या घसरगुंडीसारखे. सगळ्यांना पोपटी जर्सी. मैदानाचे मालक तौफिक. त्यांनी माझा मार्कर दोन्ही हातांत घेऊन बघितला. आत चालणार नाही म्हणाले, पण काउंटरवर मांडून ठेवतो, लोक बघतील. कौतुक झालं. मला हलकासा दुसरा दिला.
सूचना नवशिक्यांसाठी असतात. त्या चालू असताना मी मागच्या टायरांच्या ढिगाआड जाऊन पडलो. आमचा झेंडा पळवायला शत्रू इथूनच येणार.
आरडाओरडा, हसणं ऐकू येत होतं. भोंगा वाजला. मला बाहेर काढायचा डाव. हललो नाही. मग सामसूम. दोन्ही टीम माझ्या मागावर आहेत हे ओळखलं. मुंगळा चावला. तरी हललो नाही.
ऊन उतरल्यावर तौफिक आवराआवर करत आले. म्हणाले, साहेब, मॅच कधीच संपली, जेवणंही झाली. आता दहा मिनिटांचा डाव असतो. गोळी लागली की बेसला हात लावून लगेच परत यायचं. लपून कुणी बसत नाही.
माझ्यावर एकही डाग नाही. अजिंक्य.
बस गेली होती. तौफिकनी टेम्पोतून खराडीपर्यंत सोडलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
ग्रुपवर फोटोच फोटो. मी एकाही फोटोत नाही. अ‍ॅम्बुश याला म्हणतात. उद्या नम्रताला सांगायचं वाक्य पाठ केलं: शेवटपर्यंत टिकला तो मीच.

१७ नोव्हेंबर, सोमवार
नम्रताने पहिला कॉल मलाच लावला. मान असतो.
बेंच. डिसेंबरची वाटही बघायची नाही, आजपासूनच. फार सौम्यपणे बोलली. नवी स्किल्स, तरुण टीम, वगैरे. मी हो हो म्हणत होतो. ती थांबली की वाक्य टाकायचं होतं. ती थांबली, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली,
"आनंद सर, तुम्ही शनिवारी यायला हवं होतं. टीमला तुमची ओळख तरी झाली असती."
फार वाईट वाटलं.
म्हटलं, सॉरी, घरी पाहुणे आले होते.