नातवाआधी बारा पिल्लं

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कारण हा आठवडा ऐतिहासिक आहे. लेकीची बाळंतपणाची रजा संपत आली. पुढच्या सोमवारपासून नातवाला दिवसभर कुणी सांभाळायचं यावर घरात दोन पक्ष पडलेत. लेक आणि जावई म्हणतात पाळणाघर. मी म्हणतो मी. ही तटस्थ आहे, म्हणजे माझ्या विरोधात. एवढी वर्षं ऑफिस सांभाळलं, एक मूल सांभाळता येणार नाही?

तोडगा मीच काढला. ही आठवडाभर लेकीकडे मदतीला जातेय. हिने मागवलेली कोंबडीची एक दिवसाची बारा पिल्लं मी एकट्याने सांभाळून दाखवणार. एकही दगावलं नाही तर नातू माझ्याकडे. लेक हसत हसत हो म्हणाली. गेली बिचारी हरायला.

मागच्या खोलीत फ्रिजचं खोकं, त्यात भुसा, वर टांगलेला बल्ब. ही जाताना बजावून गेली की पिल्लं बल्बखाली दाटीने बसली तर बल्ब खाली घ्या, लांब पळाली तर वर घ्या, बाकी काहीही करू नका. फारच अडाणी पद्धत. मोबाइलवर बरंच शास्त्र आहे.

एका पिल्लाच्या डोक्यावर काळा ठिपका आहे. ठिपकी. ती माझ्याकडेच बघते.

३ फेब्रुवारी, दुपार
भयंकर. जेवून आलो तर बाराच्या बारा आडवी. माना टाकलेल्या, पाय पसरलेले. खोक्यावर दाणकन हात मारला तशी सगळी उठून ओरडायला लागली. शेजारच्या वहिनी माझी किंकाळी ऐकून धावत आल्या. पिल्लं अशीच झोपतात म्हणे. किंकाळी नव्हती, हाक होती.

संकल्प: घाबरायचं नाही. अधूनमधून उठवून खात्री करायची, म्हणजे घाबरण्याचा प्रश्नच येत नाही.

४ फेब्रुवारी
मला गार वाटलं. स्वेटर घातला. पिल्लांना बिचाऱ्यांना स्वेटर कुठला? दुसरा बल्ब लावला. सगळी कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसली. एकोपा वाढतोय. चोची सताड उघड्या. बहुधा मला बोलावतात.

हिचा फोन. ठणठणीत आहेत म्हटलं. लेकीने विचारलं, बाबा घाबरत नाही ना? हसलो. हसताना आवाज चिरकला, पण तो सर्दीने.

५ फेब्रुवारी
संकट. चार पिल्लांची शेपटीखालची जागा वाळलेल्या शिटेने लिंपून गेलीय. मोबाइल म्हणतो, ती वाट बंद झाली की पिल्लू मरतं. उपाय: कोमट पाण्याच्या बोळ्याने हलके पुसून कोरडं करा. पुसलं. बोळा पिळायचा राहिला, चौघांची पूर्ण आंघोळ झाली. ओली झाली म्हणून तिसरा बल्ब.

मग वाटलं, उरलेल्यांनी काय घोडं मारलंय? रोगाच्या आधीच उपचार केलेला बरा. एकेकाला उलटं करून तपासलं. ठिपकीच्या पोटाखाली वाळलेली काळी खपली सापडली. घट्ट चिकटलेली, पण मी सोडतो काय! ओढूनच काढली. जरासं रक्त आलं. घाण फारच मुरली असणार.

डॉक्टर व्हायला हवं होतं मी. घरच्यांनी ऐकलं नाही.

६ फेब्रुवारी
ठिपकी उठत नाही. खोक्यावर हात मारून पाहिला. बाकीची उठली.

टॉवेलात गुंडाळून तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रस्त्यात थांबून थांबून तिचा श्वास चालू आहे का ते बघत होतो. एकदा तर मला माझाच सापडेना. बाईंनी पोट पाहिलं आणि विचारलं, बेंबीची खपली कुणी काढली? मी म्हटलं, आमच्याकडच्या गड्याने. आमच्याकडे गडी नाही.

ती घाण नव्हती, बेंबी होती. आपोआप गळून पडते, ओढली तर आत जंतू जातात. बाईंनी औषधाचे थेंब दिले, पण भरवसा दिला नाही. मग बल्ब किती आहेत ते विचारलं. तीन म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. चोची उघडतात त्या उकाड्याने, कोपऱ्यात जातात ती जीव वाचवायला, आणि शेपटीखाली चिकटतं तेही बरेचदा त्यामुळेच. एक बल्ब ठेवा, पिल्लांकडे बघून वरखाली करा, बाकी काहीही करू नका. या बाई आणि ही एकमेकींना ओळखतात की काय?

दोन बल्ब काढले. अकरा पिल्लं खोकंभर पांगली, दाणे टिपायला लागली. ठिपकी माझ्या तळहातावर. मला भीती वाटतेय. हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. फार भीती वाटतेय.

७ फेब्रुवारी
ठिपकी सकाळी गेली. हातातच. आधी वाटलं झोपलीय. उठवायचा धीर झाला नाही.

हिचा फोन आला. बाराही मजेत म्हणालो. फोन ठेवल्यावर ताट तसंच झाकून ठेवलं. तसं पाहिलं तर बारातलं एखादं जातंच. निसर्ग आहे. माझ्यामुळे गेलं ते निसर्गात धरायचं का, हे मोबाइल सांगत नाही.

८ फेब्रुवारी
ही परत आली, सोबत लेक आणि नातू. हिने खोक्यावर एक नजर टाकली आणि अकरा म्हणाली. माझा बांध फुटला. तीन बल्ब, आंघोळ, बेंबी, नसलेला गडी, सगळं भडाभडा सांगून टाकलं. रडलोसुद्धा. हिने पाणी आणून दिलं.

लेकीला म्हटलं, हरलो. ती म्हणाली, हरलात कसले? बाळ सोमवारपासून तुमच्याचकडे. आईला कशाची म्हणून भीती वाटत नाही, म्हणून तर मी लहानपणी दोनदा पलंगावरून पडले. मला घाबरणाराच माणूस हवाय. असं म्हणून तिने नातू माझ्या मांडीवर ठेवला आणि दोघी चहा करायला गेल्या.

केवढासा तो. अजून नीट बसताही येत नाही. माझ्या दोन्ही तंगड्या बधिर झाल्या, पण मी हललो नाही. चहाला इतका वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं.

९ फेब्रुवारी
सकाळीच लेकीला सांगून टाकलं. हल्लीची पाळणाघरं फार चांगली असतात. मुलांना सोबत मिळते, शिस्त लागते. शिवाय उद्यापासून मला काम आहे. काय काम, ते अजून ठरायचंय.