टिंगूची मान

महाड,
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

लाडक्या अरीबास,

अस्सलामु अलैकुम. आम्ही दोघं ठीक. जिना चढताना तुझ्या अम्मीचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमी. फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. फोनवर तू मध्ये बोलतेस, आणि मग मला जे सोपं तेच बोलायची सवय आहे.

दुकान बरं चाललंय. परवा पोलादपूरचा येसाजी टेम्पो घेऊन आला. "झकेरियाभाई, गाडी आंबेनळीचा घाट चढत नाय. डिझेल पंप गेला." मी लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली. म्हटलं, "पंप ठणठणीत हाय रे. गाडीला दम लागलाय. हवेचा फिल्टर उघड." आत उंदराने संसार मांडलेला, पिल्लांसकट. येसाजी म्हणाला, "भाडं तरी घ्या त्याच्याकडनं!"

तर शनिवारी तू टिंगूला न्यायला येणार. पुण्याला ऑफिसच्या टेबलावर ठेवणार, आणि पुराची गोष्ट सगळ्यांना सांगणार. ती गोष्ट तू खालाला सांगितलीस, मैत्रिणींना सांगितलीस, मागच्या महिन्यात तुला बघायला आलेल्या लोकांनाही सांगितलीस. "दुकान बुडत होतं आणि अब्बांनी सगळ्यात आधी माझा रोबोट वर नेला." मी तिथेच सरबताचा पेला धरून बसलो होतो.

गेल्या आठवड्यात मी मुंबईहून तसाच दुसरा टिंगू मागवला. वीतभर उंची, तोच पांढरा रंग, तेच दोन निळे डोळे. चहाच्या पाण्याने थोडा पिवळा केला. तुझा टिंगू एकदा टेबलावरून पडला होता, तेव्हापासून डावीकडे वळताना त्याची मान 'कुर्र' करायची. नव्याची मान गुपचूप वळते. मी ती उघडली आणि बारीक कानसीने आतल्या चाकाचा एक दाता घासला. पहिल्यांदा उजवीकडे वाजली. तीन दिवस घालवले. चौथ्या दिवशी हुबेहूब कुर्र.

अम्मी चहा घेऊन खाली आली. तिने नवा टिंगू पाहिला, मग माझ्या हातातली कानस पाहिली. "चार वर्षं टिंगूच्या पेटीला कुलूप का, ते आज कळलं," म्हणाली. टेबलाभोवती एक फेरी मारली, बांगड्या वाजवत. "आवाज तोच हाय. पण हा माझ्याकडे बघत नाय."

ते मला करता येत नाही. ते तुझं काम होतं. तू बारावीत होतीस. विचारलं होतंस, "अब्बा, आवाज कुठल्या बाजूचा हे तुम्हाला कसं कळतं?" मी म्हटलं, ज्या कानात आधी पोचतो त्या बाजूचा. आठवडाभर लॅपटॉपशी झटलीस, आणि मग टिंगू पावलांच्या आवाजाकडे मान वळवायला लागला. मी तेव्हा म्हणालो होतो, "ह्याने चहा आणला तर सांग." इंजिनियरिंगला पुण्याला जायचं नाही, हे मी त्याच आठवड्यात सांगितलं होतं.

आता पुराचं लिहितो.

चार वर्षांपूर्वी, जुलैतल्या त्या गुरुवारी उजाडता उजाडता पाणी दुकानाच्या उंबऱ्याला लागलं. तुम्ही दोघी पोलादपूरला खालाकडे. लोकांचे अकरा पंप खाली दुरुस्तीला होते. एकेक उचलून वर न्यायला लागलो. टिंगू माझ्या टेबलावर होता. जाताना तू त्याला चार्जरला लावून गेली होतीस; लाईट गेली होती, पण तो बॅटरीवर जागा होता. जिना त्याच्या डाव्या हाताला. मी वर निघालो की कुर्र. खाली आलो की पुन्हा माझ्याकडे.

अकरा फेऱ्या. अकराही वेळा त्याने माझ्याकडे पाहिलं. लोकांचा माल आधी, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होतो. पण त्याचं वजन मुठीत मावणाऱ्या कांद्याएवढं होतं. पंपासोबत काखेत मावला असता. मला वाटलं, हा गेला की पुण्याचा विषयही जाईल. अकरावा पंप ठेवून मी वरच्या पायरीवर बसलो. खाली आणखी एकदा कुर्र झालं. मग नाही.

संध्याकाळी तुझा फोन लागला. तू आधी मी कसा आहे ते विचारलंस, मग त्याचं. मी म्हटलं, "वर नेला. सगळ्यात आधी." तू इतकी रडलीस की नंतर पुण्याला नाही म्हणायला मला तोंड राहिलं नाही. त्याला लोक माझा मोठेपणा म्हणतात. तूही म्हणतेस.

सुट्टीत तू आलीस की मी म्हणायचो, पेटीत नीट बांधून ठेवलाय, उघडू नकोस. पेटीत टिंगू आहे, हे मात्र खरं. चिखलातून काढला तसाच ठेवलाय. मान डावीकडे, जिन्याच्या बाजूला. पेटीची किल्ली या पाकिटात घातली आहे. नवा टेबलावर आहे, त्याचं काय करायचं ते तू ठरव. बघायला आलेल्यांना काय सांगायचं, तेही.

शनिवारी आलीस तर मी दुकानात, दाराकडे पाठ करून बसलेला असेन. तुझी पावलं मला कळतात. तू हाक मारेपर्यंत वळणार नाही.

तुझा,
अब्बा