माहेरचा ओटा

अप्पा, स्वयंपाकघरात दगडाचा ओटा घ्यावा की नाही, हे विचारायला तुमच्याएवढं हक्काचं माणूस दुसरं नव्हतं, आणि तुम्ही तर कधीचेच गेलात. मळमड्डीतलं हे जुनं घर आम्ही घेतलं आणि आधी स्वयंपाकघर उकरून काढलं. तुमच्या जावयांना पांढरा संगमरवर हवा होता, कुठल्याशा हॉटेलात बघून आले होते. मी दुकानातून दोन तुकडे मागून आणले, एक पांढरा आणि एक काळा ग्रॅनाइट. दोन्हींवर लिंबू पिळलं, हळद सांडली, गरम कुकर उतरवून ठेवला. पांढऱ्यावर हळद कायमची बसली आणि लिंबाने त्याची चकाकी खाल्ली. काळ्याला काही म्हणजे काही झालं नाही. जावई थोडे रुसले. दगड माझ्या घराला सोसेल, हे नक्की झालं होतं. मी अडले होते ती तो कापणार कोण यावर.

तुम्ही जन्मभर लोकांचे ओटे कापलेत. हुबळीच्या फरशी कारखान्यातून घरी यायचात तेव्हा पापण्यांपर्यंत पांढरे असायचात, आणि आई तुम्हाला उंबऱ्याबाहेरच कपडे झाडायला लावायची. आपल्या घरात मात्र ओटा नव्हता. एका सुट्टीच्या दिवशी तुम्ही कोपरा तुटलेली काळी फरशी हातगाडीवरून आणलीत आणि परसात कापायला बसलात. मी तांब्या घेऊन शेजारी उभी आहे. कारखान्यात धूळ उडू नये म्हणून मोठ्या पात्यावर पाणी सोडतात हे मी पाहिलेलं, म्हणून मी पाणी ओतायला वाकते आणि तुम्ही माझा हात धरता. "नळ कधी येणार ठाऊक हाय काय तुला? पाणी पोरांच्या पोटात जाऊ दे. दगडाला काय तहान लागत न्हाई." आम्ही सगळे हसलो. आपल्या गावात नळ येतो तो दिवस सणाचा, आणि बाकीचे दिवस पिंपाच्या तळाकडे बघत काढायचे. ते पाणी दगडावर ओतणारा माणूस आम्हाला उधळ्याच वाटला असता. पुढे तुमचा खोकला सुरू झाला, डॉक्टरांनी क्षयाच्या गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, खोकला संपला नाही. दगडाच्या धुळीने फुप्फुसं घट्ट होत जातात हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तोवर तुमचा धाकटा तुमच्याच धंद्यात शिरला होता.

त्याला ओट्याचं कळलं तेव्हा त्याने परस्पर जाहीर करून टाकलं की अक्काच्या नव्या घरात पहिलं दूध उतू जाईल ते माहेरच्या ओट्यावर, दुसऱ्या कुणी दगडाला हात लावायचा नाही. बोलता बोलता तो थांबला, तोंड वळवून खोकला, आणि तुटलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू केलं. तसं थांबणं मी ओळखते, अप्पा. मी म्हटलं, दगड नकोच, स्टीलचा पत्रा ठोकून घेते, पुसायलाही सोपा. त्याचं तोंड एवढंसं झालं. "माझ्या हातचं नको काय तुला, अक्का?" मी म्हटलं, छातीचा फोटो काढून ये, मग बोलू. तो हसला. "आधी ओटा, मग फोटो." भाजीवाल्यांना रडवणारी मी, त्या सौद्याला मुकाट्याने हो म्हणाले.

माझ्या परीने मी सगळी तयारी केली. नळ आला त्या दिवशी पिंपं भरून ठेवली, चांगल्यातला मास्क आणला, अंगणात पाइप लावून दिला. धाकटा निमूटपणे पाण्यात कापत होता. मास्क मात्र गळ्यातल्या ताइतासारखा खाली लोंबत होता, दोनदा वर करून दिला तरी. दुपारपर्यंत फरशी ओट्यावर बसली, सिंकचा चौकोन तेवढा कापायचा राहिला. मी चहासाठी कोपऱ्यावर दूध आणायला जाते आणि परत येते तर आतून कोरड्या पात्याचा तो आवाज. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या. दारातून मला ओटा दिसत नाही, भाऊ दिसत नाही, नुसतं पांढरं दिसतं. मग आवाज थांबतो आणि त्या पांढऱ्यातून तुम्ही बाहेर येता. दुधाची पिशवी घट्ट धरून उभी राहिले. धाकटा पापण्या पुसत म्हणाला, "नवी कपाटं भिजली असती की. आणि तुझं पिंप बी अर्ध्यावर आलंय."

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. फोटोसाठी मी दोनदा दवाखान्यात वेळ घेतली. एकदा त्याला हुबळीतच लॅमिंग्टन रोडवर काम निघालं, एकदा त्याने फोनच उचलला नाही. उचलतो तेव्हा मध्येच आवाज जातो, फोन लांब धरून खोकत असतो. मी ऐकलं नाही असं दाखवते आणि तो खोकला नाही असं दाखवतो. भावजय म्हणाली, हल्ली आडवं पडलं की दम लागतो त्यांना, भिंतीला टेकून बसूनच झोपतात. तुम्ही शेवटी शेवटी तसेच बसायचात, हे मी तिला सांगितलं नाही. उद्या रिक्षा घेऊन त्याच्या दारात उभी राहणार आहे. येईल की नाही, देव जाणे.

हे पत्र घडी करून इथेच ठेवते, पाठवणार तरी कुठे. एवढं एकच राहिलं, जे घरात कुणापाशी बोलता येत नाही. सकाळी ऊन आलं की त्या काळ्या दगडात अख्खी खिडकी उतरते. हात फिरवला तर गार लागतो, आणि धाकट्याने जोड कुठे दिलाय ते बोटांना सापडत नाही. मला तो ओटा फार आवडतो, अप्पा.