पडक्या कठड्याचा कायदा

३ जानेवारी १९८५
भोपाळच्या बातम्या वाचल्यापासून अस्वस्थ. संकल्प: दर रविवारी देवळात गावाला कायदा शिकवायचा. दुसऱ्याच्या हेळसांडीने इजा झाली तर भरपाई मागता येते, हे इथे कुणाला ठाऊकच नाही. जो तो कपाळाकडे बोट दाखवतो.

६ जानेवारी
पहिलं लेक्चर. सात माणसं, तीन प्रसादासाठी. चौथीच्या पुस्तकातल्या कवितेने सुरुवात केली, तिथेच पाऊण तास गेला. मग कायदा: काळजी घेण्याचं कर्तव्य, ते चुकवणं, त्यातून झालेली इजा. हरिहर भटजी म्हणाले, "मास्तर, आणि तुमच्या विहिरीचा कठडा?" हशा. विषयांतर करणारे सगळीकडे असतात.

१४ जानेवारी
सोनूबाई माझं पाणी भरते. म्हणाली, "गुर्जी, कठडा बांदून घ्या. काठाचा चिरा हलतो." पण ढासळलेल्या चिऱ्यांवर शेवाळ काय सुंदर आलंय! तिथेच बसून मी लहानपणी कविता पाठ करायचो. सिमेंट फासवत नाही. शिमगा झाला की बघू.

२ फेब्रुवारी, सकाळी ७
चिरा निसटला. सोनूबाई विहिरीत. शेजारच्या महिपतने दोर सोडून वर काढली. मांडीचं हाड मोडलं. सिव्हिलला नेली.

रात्री: तिनेही बघून पाय ठेवायला हवा होता. कायद्यात याचाही विचार केलेला आहे. उद्याचं लेक्चर रद्द.

१० मार्च
सोनूबाई घरी. पाय आखूड राहणार, पाणी भरणं कायमचं बंद. भेटायला गेलो तर तीच माफी मागते: "तुमची हीर बाटवली, गुर्जी." विहिरीत सोडायला नारळ दिला. घेतला. नाही म्हटलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं.

१७ मार्च
तिचा मुलगा बाबल्या मुंबईहून आलाय. दारात उभा राहून म्हणाला, "देवळात शिकवलंत ते फक्त भोपाळसाठी काय, गुर्जी? उद्या वकील गाठतो." कायदा लोकांपर्यंत पोचला, याचं समाधान आहे. भाषा मात्र उद्धट.

१८ मार्च
बाबल्या वकिलाकडे गेलेला. तेवढ्यात सोनूबाईकडे जाऊन आलो. कागद घरूनच लिहून नेला होता: 'माझ्याच चुकीने पाय घसरला. कोणाचा दोष नाही.' इतकं सुरेख अक्षर कित्येक दिवसांत आलं नव्हतं.

"काय लिवलाव, गुर्जी?"

म्हटलं, "तू पडलीस त्याची हकीकत."

"मंग बरा. तुमी लिवलाव म्हंजे खराच आसंल."

तिचा अंगठा मीच धरून टेकवला, तो फिसकटला. पुन्हा घ्यावा लागला. तिचा हात स्थिर होता.